मराठीच्या तासाला एक साधे पान हवे

सीमाभागात मराठीचा विषय निघाला की आपण लगेच फलकांवर, परिपत्रकांवर आणि न्यायालयावर येऊन थांबतो. ते विषय लहान आहेत असे कोणी म्हणणार नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचे काम राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने राज्यांवर टाकले आहे. त्या सोयी कुठे आहेत हे विचारीत राहिलेच पाहिजे. पण ते विचारून झाल्यावर सोमवारी सकाळी वर्गात काय घडते? सहावीतल्या मुलाला कविता मोठ्याने नीट वाचता येते का? मामाला चार ओळींचे पत्र लिहिता येते का? 'फळ' म्हणताना त्याच्या तोंडून 'फल' तर येत नाही ना? या प्रश्नांना खटल्याची तारीख लागत नाही. ते शिक्षकाच्या आणि पालकांच्या हातातले आहेत, आणि म्हणूनच कदाचित त्यांवर फारसे कोणी भाषण करीत नाही.

या लेखात एकच सूचना करायची आहे. मराठी शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गासाठी एक साधी वेबसाइट करावी. साधी म्हणजे अगदी साधी. शाळेचे बोधचिन्ह फिरते आहे, वर लाल पट्टी सरकते आहे, मुख्याध्यापकांचे मनोगत आहे आणि 'ताज्या घडामोडी' मात्र उद्घाटनाच्या वर्षापाशीच गोठल्या आहेत, अशी संकेतस्थळे आपण पुष्कळ पाहिली. तसले काही नको. एका वर्गाचे एक पान, आणि त्यावर या आठवड्यात मराठीच्या तासाला जे झाले तेवढेच. त्याच्या उद्घाटनाला पाहुणेही बोलावू नयेत.

कोणी म्हणेल, व्हॉट्सअॅपचा गट आहे की! गट आहे, आणि २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्याच गटाने वेळ निभावून नेली हेही खरे. पण त्या गटात गृहपाठाचे छायाचित्र सकाळी येते आणि दुपारपर्यंत शुभेच्छांच्या फुलांखाली गाडले जाते. फोन बापाच्या खिशात, बाप उद्यमबागेत कामावर. तो सायंकाळी घरी येतो तेव्हा मुलाच्या हाती फोन पडतो आणि मग सत्तर निरोपांतून आपला गृहपाठ शोधायचा. मागच्या महिन्यातला पाठ हवा असेल तर विचारूच नका. गट हा वाहता ओढा आहे. निरोप देण्यासाठी तो ठीक. भाषा शिकायला मात्र मागे फिरून पुन्हा त्याच जागी येता यावे लागते. तीच कविता पाचदा ऐकावी लागते, तोच शब्द तीनदा पाहावा लागतो. पानाचा पत्ता एकदा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला की तो वर्षभर बदलत नाही, आणि जूनमधला पाठ फेब्रुवारीतही जागेवर सापडतो.

आता त्या पानावर काय असावे ते पाहू. समजा, खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मराठी शाळेचा सहावीचा वर्ग आहे आणि पावसावरचा पाठ चालू आहे. पहिली गोष्ट म्हणजे आवाज. गुरुजींनी किंवा बाईंनी स्वतः वाचलेला चार-पाच मिनिटांचा भाग मोबाइलवर मुद्रित करून पानावर ठेवावा. आकाशवाणीचा निवेदक असावा तसा आवाज लागत नाही; मुलाला ओळखीचा आवाज लागतो. ज्या घरात आई-वडिलांना शाळेची वाट फार चालता आली नाही, तिथे रात्री जेवणानंतर तो आवाज वाचून दाखवतो. ज्या घरात आई कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली आहे, घरी मराठी बोलते पण देवनागरी वाचताना अडखळते, तिथे मुलाबरोबर आईचाही तास होतो. असली घरे आता बेळगावच्या गल्लीगल्लीत आहेत. आकाराचीही भीती नको. बोलणे ३२ किलोबिट दराने जतन केले तर एका मिनिटाला सुमारे २४० किलोबाइट लागतात. पाच मिनिटांचे वाचन सव्वा मेगाबाइटच्या आत बसते. चित्रफितीच्या मानाने हे काहीच नव्हे, आणि जांबोटीच्या पलीकडे जंगलपट्ट्यात जिथे फोनची दांडी एकच दिसते तिथेही ते चालण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची, आणि खरे सांगायचे तर मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. पानावर तीन रकान्यांचा एक तक्ता असावा: घरचा शब्द, पुस्तकातला शब्द आणि कन्नड शब्द. पावसाच्या पाठात इरले येते का, ते बघावे. येत नसेल तर मुलांनी आजोबांना विचारून आणावे. धूळवाफ पेरणी म्हणजे काय, कणगी कशाची विणतात, खळे कुठे असायचे, सुगी केव्हा म्हणायची, हे शब्द आपल्या भागात अजून माणसांच्या तोंडी आहेत, पण मुलाच्या वहीत येत नाहीत, कारण पुस्तक वेगळ्या मराठीत लिहिलेले असते. मुलाने घरचा शब्द वर्गात उच्चारला की तो चुकीचा ठरतो, आणि दोन-चारदा असे झाले की मूल तोंडच उघडत नाही. तक्त्यात त्या शब्दाला पहिला रकाना मिळाला, म्हणजे त्याला मान मिळाला. मग पुस्तकातला शब्द त्याच्या शेजारी येऊन बसतो, त्याच्या डोक्यावर नव्हे.

तिसरा रकाना पाहून काहींच्या भुवया वर जातील. मराठीच्या पानावर कन्नड कशाला? कारण ते मूल कन्नडही शिकतच आहे. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकणे सक्तीचे केले आहे. त्या कायद्याबद्दल कोणाचे मत काहीही असो, वर्गातल्या मुलाला एका दप्तरात दोन्ही भाषा न्याव्या लागतात, आणि त्या एकमेकींना इतक्या परक्याही नाहीत. आपले तूप आणि त्यांचे तुप्प पाहा. अक्का आणि अण्णा दोन्ही घरांत नांदतात. कन्नडमध्ये 'मळे' म्हणजे पाऊस आणि मराठीत मळे म्हणजे बागायती शेते. हे कळले की सहावीचे मूल हसते, आणि हसून शिकलेला शब्द विसरत नाही. शिवाय एक गंमत ध्यानात घ्यावी. 'ळ' हा वर्ण कन्नडलाही प्यारा आहे. आपल्या मुलांचा 'ळ' पळवला असेल तर तो शेजारणीने नव्हे. दूरचित्रवाणीवरच्या हिंदीने आणि लहानपणापासूनच्या इंग्रजीने.

या बाबतीत सोलापूर जिल्ह्यातले परितेवाडीचे उदाहरण सीमाभागाने आरशासारखे पुढे धरावे असे आहे. माढा तालुक्यातल्या या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. तिथल्या मुलींच्या घरात कन्नड आणि पुस्तके मात्र मराठी. म्हणजे आपल्याकडच्या चित्राची उलटी बाजू! डिसले गुरुजींनी आधी स्वतः कन्नड शिकून घेतले, पाठ मुलींच्या भाषेत आणले आणि मग पुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. त्यातून कविता ऐकू येऊ लागल्या, चित्रफिती दिसू लागल्या. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. वर्तमानपत्रांनी क्यूआर कोडचे कौतुक केले ते योग्यच. पण क्रम पाहावा. आधी मुलाची भाषा, नंतर यंत्र. क्रम उलटा झाला की काय होते ते आपल्या शाळांतल्या धूळ खात पडलेल्या संगणकांना विचारावे.

तिसरी गोष्ट म्हणजे मुलांचे लिहिणे. आज मुलाचा निबंध कोण वाचतो? शिक्षक वाचतात, लाल खुणा करतात, वही परत जाते. लिहिणाऱ्याला वाचक नाही, मग त्याने लिहावे कशासाठी? दर आठवड्याला दोन मुलांचे दहा-बारा ओळींचे लेखन पानावर यावे. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा गावांतून आपल्याकडे दरवर्षी साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, मुले लेझीम खेळत पुढे चालतात. ती मुले मंडपात बसून दुसऱ्यांचे ऐकतात. वर्षाचे बाकीचे दिवस त्यांचेही कोणीतरी ऐकावे. विषय जवळचे द्यावेत. रताळी काढायला गेलो तो दिवस, आजीने कुंदा कसा आटवला, गल्लीतला गणपती कोण बसवतो. 'मी पंतप्रधान झालो तर' हा विषय आता पुरे.

इथे शिक्षकाच्या मनात एक भीती असते: पान सगळे जग पाहणार, त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या तर शाळेची अब्रू जाईल. यावर उपाय सोपा आहे. मुलाचा पहिला खर्डा आणि दुरुस्त केलेला मजकूर दोन्ही एकाखाली एक द्यावेत, आणि खाली दोन ओळींत नियम सांगावा. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. तेव्हापासून मुले ते पाठ करतात आणि विसरतात. आपल्याच वाक्यात झालेली दुरुस्ती मात्र लक्षात राहते. एवढे पथ्य पाळावे की बोलीतला शब्द ही चूक धरू नये. मुलाने संवादात 'येतोस काय' असे लिहिले तर ते तसेच राहू द्यावे. तो तसेच बोलतो, आणि आपणही.

टंकलेखनाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण तिथेच गाडे अडते. गेल्या शतकाच्या शेवटी आपण जे मराठी टाइप करीत होतो ते ज्याच्या त्याच्या फाँटात. दुसऱ्या यंत्रावर उघडले की मजकुराची रांगोळी विस्कटायची. शाळांच्या संगणकांत अजून तसल्या धारिका पडून आहेत, आणि त्या जशाच्या तशा पानावर चढविल्या तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. नवा मजकूर त्यातच लिहावा, म्हणजे तो कोणत्याही फोनवर दिसतो आणि शोधला तर सापडतोही. गृहपाठाचे छायाचित्र काढून चढविणे सोपे असले तरी छायाचित्रातला शब्द सहसा शोधात येत नाही. मराठीची एक खोच मात्र सांभाळावी. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना बोलावले तर पंगत होते आणि आचार्यांना बोलावले तर प्रवचन. त्या आडव्या रफारासाठी कळफलकावर खाली नुक्ता असलेला 'ऱ' असतो. तो घेऊन हलन्त द्यावा आणि मग 'य' लिहावा. बोटांना सवय नसेल तर बोलून लिहिण्याची सोय आहे. गूगलने २०१७ मध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा त्या सोयीत घेतल्या. ती सोय चुका करते, पण त्या चुका शोधायला मुलांनाच लावावे. त्याहून चांगला शुद्धलेखनाचा तास सुचत नाही. आणखी एक बारीकसे काम: पानाच्या मांडणीत भाषा 'मराठी' अशी नोंदवावी, तिचा संकेत 'एमआर' आहे. काही फाँटांत तेवढ्याने 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दिसू लागतात, आणि अंध मुलासाठी पान वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेला हा मजकूर हिंदी नाही हे कळते.

पाठ्यपुस्तकातला मजकूर उतरवून पानावर चढविण्याचा मोह होईल, तो आवरावा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली, साने गुरुजी १९५० साली. त्यांचे लेखन पूर्ण वाचून, मुद्रित करून खुशाल ठेवावे. अलीकडच्या लेखकांच्या पाठांसाठी शिक्षकाने आपल्या शब्दांत केलेले विवेचन आणि शब्दांचा तक्ता एवढेच द्यावे आणि पुस्तकाकडे बोट दाखवावे. कर्नाटकाच्या मराठी माध्यमाची पुस्तके पाठ्यपुस्तक संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत, बालभारतीचीही तिच्या संकेतस्थळावर आहेत, तेव्हा नुसता दुवा पुरतो. तसाच दुवा कोशांचा द्यावा. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात कोणालाही फुकट पाहता येतात. आजोबांनी सांगितलेले इरले दीडशे वर्षांपूर्वीच्या मोल्सवर्थमध्ये सापडले की मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही प्रगतिपुस्तकात मावत नाही.

मुलांची छायाचित्रे मात्र नकोत. पूर्ण नावही नको. पहिले नाव आणि इयत्ता पुरे. मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती हवी, हे तत्त्व २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने घातलेच आहे, पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराला जगापुढे उभे करताना विचारावे ही आपली रीत आहेच. लेखनासाठी वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत सह्या घ्याव्यात.

शिक्षक म्हणतील, लेख लिहिणे सोपे आहे, इथे वेळ कोणाला? ही तक्रार खोटी नाही. अक्षरदासोहाचा हिशेब आहे, सॅट्समध्ये माहिती भरणे आहे, निवडणूक आहे. २०२५ च्या दसऱ्यात तर राज्यभरातले शिक्षक सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी दारोदार फिरत होते. त्यात कित्येक शाळांत मराठीचा भार अतिथी शिक्षकाच्या खांद्यावर. म्हणूनच पान साधे हवे असा आग्रह आहे. आठवड्याला एक मुद्रण, आठ-दहा शब्द, दोन मुलांचे लेखन. सरावाने हे एका तासाचे काम आहे, आणि त्यातले निम्मे सातवी-आठवीची मुले आनंदाने करतील. ज्या आठवड्यात जमले नाही त्या आठवड्यात काही चढवू नये. माफीही मागू नये. मात्र हे काम वरून हुकूम काढून सर्व शाळांवर लादले गेले तर ते मेलेच म्हणून समजा. मग नमुना येईल, तपासणी येईल, आणि पाने भरतील पण मुले त्यांकडे फिरकणार नाहीत.

आणि या पानाचा उपयोग त्या वर्गापुरता राहत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. शिक्षणाचे माध्यम सरकारने लादू नये असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. पालकांनी निवड केली, आणि आपल्यापैकी अनेकांनी इंग्रजी निवडले. सभेत मराठीवर बोलणाऱ्यांनीही. त्यांना दोष देत बसण्यात अर्थ नाही. पण त्या घरांतली मुले मराठीच्या वर्गाबाहेर पडली ती कायमची. हुबळीच्या इंग्रजी शाळेत शिकणारी मुलगी सुटीत नंदगडला आजीकडे येते, आजीशी मराठी बोलते, पण आजीच्या पोथीतली ओळ वाचू शकत नाही. तिच्यासाठी कोणती शाळा आहे? वर्गाला दार असते आणि हजेरीपट असतो. पानाला ते नसते. खानापूरच्या सहावीसाठी केलेले पान ती हुबळीत बसून ऐकू शकते. आणि तिलाच काय, हैदराबाद, बडोदे, इंदूरच्या जुन्या मराठी घरांतल्या नातवंडांनाही ते चालेल. पुण्या-मुंबईहून त्यांच्यासाठी आलेल्या साहित्यात दोन भाषांमध्ये वाढणाऱ्या मुलाचा विचार क्वचितच असतो. आपल्या शिक्षकांनी मात्र जन्मभर तेच केले आहे. १९४६ साली बेळगावात साहित्य संमेलन भरले, २००० साली पुन्हा भरले. दोन्ही वेळा बाहेरची मराठी माणसे आपल्याकडे आली. आता आपल्याकडचे काही बाहेर जाण्यासारखे असेल, तर ते हे दोन भाषांच्या उंबरठ्यावर मराठी शिकविण्याचे ज्ञान.

राहता राहिला टिकण्याचा प्रश्न. फुकट जागा देणाऱ्या कंपन्या येतात आणि जातात. जिओसिटीजवर जगभरच्या लोकांनी लक्षावधी पाने केली होती. २००९ साली ती सेवा बंद झाली. गूगलची जुनी साइट्सही २०२१ मध्ये नव्या पद्धतीकडे न्यावी लागली. म्हणून सगळ्या मजकुराची आणि मुद्रणांची एक प्रत पेनड्राइव्हवर शाळेच्या कपाटात असावी. त्याहून मोठा धोका बदलीचा. पान शिक्षकाच्या स्वतःच्या खात्यावर केले की शिक्षक गेला आणि पानही गेले. खाते शाळेच्या नावाने काढावे, पत्ता इयत्तेचा असावा, व्यक्तीचा नसावा. आणि बदली झालेले गुरुजी चार्ज देताना जनरल रजिस्टर, हजेरीपट, कपाटाच्या किल्ल्या यांची जी यादी लिहितात, तिच्यात पानाचा पत्ता, परवलीचा शब्द आणि त्या पेनड्राइव्हची नोंद करून नव्या शिक्षकाची सही घ्यावी.